नेत्रदानाच्या बाई

आमच्या वडूजमध्ये बाईंची स्कूटर एखाद्या दारात उभी राहिली, की गल्लीतली माणसं हातातलं काम ठेवून एकमेकांना विचारत, "कोण गेलं?"

बाई म्हणजे प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या शिक्षिका. अर्ध्या गावाला त्यांनी पाढे शिकवले होते, त्यामुळे त्यांचं नाव घेण्याची कुणाची छाती नव्हती, सगळे नुसतं बाई म्हणत. निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या सेवा क्लबाचं नेत्रदानाचं काम अंगावर घेतलं. कुणी वारल्याचं कळलं की त्या घरी जायचं, दुःखात बसलेल्या माणसांना डोळ्यांविषयी विचारायचं आणि होकार मिळाला तर साताऱ्याच्या नेत्रपेढीला फोन करायचा. हे सगळं सहा तासांच्या आत व्हावं लागतं, म्हणून बाईंना उशिरा जाऊन चालत नसे. त्या फार वेळेवर जात. गावाचा आक्षेप तेवढाच होता.

आजारी माणसाला भेटायला जाणं मात्र त्यांना बंद करावं लागलं. एकदा त्या शेजारच्या म्हाताऱ्याला डाळिंबं घेऊन गेल्या. तो तापाने फणफणलेला होता, पण बाईंना बघून उठून बसला आणि म्हणाला, "आवं बाई, आजून हाय मी." दुसऱ्या दिवशी त्याचा ताप उतरला. डॉक्टरांनी गोळ्यांचा गुण सांगितला. घरच्यांचं मत वेगळं होतं.

मी तेव्हा क्लबाचा सचिव होतो. माझं बी-बियाणांचं दुकान आहे, आणि दुकानात माणसं सारखी येत असल्यामुळे निरोप द्यायला मी सोयीचा पडतो, एवढीच माझी पात्रता. आमचा क्लब दरवर्षी झाडं लावतो. बरेचदा त्याच खड्ड्यांत लावतो. मोतीबिंदूची शिबिरं घेतो, दुष्काळात माण तालुक्यातल्या मेंढरांसाठी पाण्याचे टँकर पाठवतो, आणि वर्षातून एकदा निःस्वार्थ काम करणाऱ्या एका माणसाचा सत्कार करतो. बाईंचं नाव दरवर्षी निघे आणि दरवर्षी मागे पडे. एक वकील सदस्य म्हणत, "माझी काही हरकत नाही. पण आमचे वडील कार्यक्रमाला येतात. त्यांना वाटेल, आपल्याला दाखवायलाच आणलंय." मग सगळ्यांना आपापले वडील आठवत. एका वर्षी आम्ही मंडपवाल्याचाच सत्कार केला. त्याच्याच मंडपात.

पुढे एक दातांचे डॉक्टर अध्यक्ष झाले. त्यांचे वडील आधीच वारले होते. त्यांनी ठराव मांडला आणि मला निरोप घेऊन पाठवलं.

मला वाटलं होतं, बाई नको म्हणतील. सत्काराला नाही म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. त्या म्हणाल्या, "येते की. शाल मात्र बरी आणा. शाळेत निरोपाला दिलेली अंगाला खाजते." मी बरं म्हणालो. मग त्यांनी बजावलं, "आणि त्या दिवशी कुणी गेलं, तर मी यायची नाही. आधीच सांगून ठेवते." त्यावरही मी बरंच म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

कार्यक्रमाच्या दिवशी सुदैवाने कुणी गेलं नाही. आमचे तात्या, म्हणजे माझे वडील, पहिल्या रांगेत बसले होते. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले, कानाने थोडे कमी, म्हणून पुढे. शाल झाली, श्रीफळ झालं, अध्यक्षांनी बाईंना दीपस्तंभ म्हटलं. बाईंनी शालीचा पोत बोटांनी तपासला आणि माईकसमोर आल्या.

"मी तुमच्या घरी येते तेव्हा माणूस आधीच गेलेलं असतं," त्या म्हणाल्या. "मी त्याला न्यायला आलेली नसते. एवढं लक्षात ठेवा. आता लिहून घ्या."

लोक हसले, पण बाई थांबल्या होत्या. लिहून घेईपर्यंत त्या थांबणार, हे त्यांच्या विद्यार्थ्यांना ठाऊक होतं. खिशातून पेनं निघाली. प्रमुख पाहुणे साखर कारखान्याचे संचालक होते, त्यांनी निमंत्रणपत्रिकेच्या पाठीवर लिहिलं. पंखा बंद करायचा. पापण्या मिटायच्या, वर ओला कापूस ठेवायचा. डोक्याखाली उशी द्यायची. मग फोन करायचा, मग रडायचं. "रडायला पुढं आयुष्य आहे," बाई म्हणाल्या आणि खाली येऊन बसल्या.

जेवणाच्या वेळी तात्या ताट घेऊन त्यांच्यापाशी गेले. "बाई, माझ्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदू काढल्यात. चालंल का?"

"चालतंय."

"अन् चष्मा?"

"चष्मा हितंच ठेवायचा."

"मग माझं नाव लिहून घ्या," तात्या म्हणाले आणि मसालेभात आणायला गेले.

घरी येताना मोटारसायकलवर मागून ते म्हणाले, "आईपाशी बोलू नको. पुढच्या जल्मी आंधळा हुईन म्हणून घोर लावून घेईल."

"मग तुम्ही कधी सांगणार?"

"सांगू की. कुठं पळून चाललोय व्हय?"

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी तात्यांनी चहा घेतला, कप खाली ठेवला आणि भिंतीला टेकले. आईला वाटलं, डुलकी लागली. ती पेपर मागायला गेली तेव्हा तिच्या लक्षात आलं. डॉक्टर येऊन बघून गेले. तात्यांना खाटेवर निजवलं, तोवर शेजारच्या बायका जमल्या. तात्यांनी आईला काही सांगितलं नव्हतं, हे मला माहीत होतं. आता ते मी सांगायचं होतं आणि मी नुसता सतरंज्या अंथरत होतो. बाईंना फोन माझ्या बायकोने केला.

बाई आल्या. त्यांनी आधी पंखा बंद केला आणि मग आईशेजारी जमिनीवर बसल्या. उन्हाळा होता, घरात माणूस मावत नव्हतं. आईने मान वर केली. "फॅन का बंद केला, बाई?"

"डोळे सुकतात, वहिनी."

आईने माझ्याकडे बघितलं. "ह्यांनी सांगितलं हुतं?"

मी मान डोलावली.

"तुला सांगितलं. बाईंस्नी सांगितलं. मला न्हाई सांगितलं." ती तात्यांकडे वळली. "चाळीस वर्सं फौजेतलं बी काय सांगितलं न्हाई. आता हे."

माझे चुलते आमच्या मूळ गावाहून आले होते. ते दारातूनच म्हणाले, "कापाकापी काय करू नगा. आख्खा माणूस आला हुता, आख्खा जाऊ दे."

"आख्खा कुठं हुता?" आई म्हणाली. "दात दवाखान्यात गेलं, अन् पायाचं बोट काश्मिरात."

आईने डोळे पुसले आणि बाईंना विचारलं, "पुढल्या जल्मी आंधळं निपजलं तर वं?"

मला वाटलं, बाई आता विज्ञान सांगतील. शाळेत त्यांनी आम्हाला ग्रहणसुद्धा चेंडू फिरवून शिकवलं होतं. त्या म्हणाल्या, "मला ठाऊक नाही, वहिनी. पुढचा जन्म मी बघितलेला नाही." त्यांनी डोळ्यांचं विचारलं नाही. घड्याळाकडेसुद्धा बघितलं नाही, आणि ते त्यांना किती जड गेलं असेल हे मला आज कळतं.

बऱ्याच वेळाने आईच म्हणाली, "ज्याला देत्यात त्येचं नाव सांगत्यात का?"

"नाही सांगत."

"मग बरं हाय. सांगितलं असतं तर मी बघाय गेले असते, अन् त्या माणसाला उगंच त्रास." तिने पदर सावरला. "करा फोन."

ओल्या कापसाची घडी आईनेच ठेवली. साताऱ्याहून दोन तरुण मुलं आली. त्यांनी आधी तात्यांच्या पायांना हात लावला, मग आम्हाला बाहेर थांबायला सांगितलं. आत फार वेळ लागला नाही. आम्ही पुन्हा आत गेलो तेव्हा तात्या होते तसेच होते, कंटाळवाण्या सभेत मिटायचे तसे डोळे मिटलेले. चुलत्यांनी अगदी जवळ जाऊन बघितलं. ती मुलं निघताना आई म्हणाली, "चहा घेतल्याबिगर जाऊ नगा." सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, याचं तिला भान नव्हतं. शेजारणीने आपल्या घरून चहा आणला.

तेराव्यानंतर काही दिवसांनी बाई आईला बोलवायला आल्या. दहिवडीकडच्या एका मेंढपाळाच्या घरी म्हातारा गेला होता आणि त्याच्या बायकोला बाईंचं म्हणणं समजत नव्हतं. आई गेली. तेव्हापासून ती अधूनमधून जाते. तिथे जाऊन काय करतेस, असं मी एकदा विचारलं. "काय न्हाई. बसती," ती म्हणाली.

तात्यांचे डोळे दोघांना बसवले, एवढंच नेत्रपेढीने कळवलं. आई त्यावर फार बोलत नाही. फक्त एकदा, गावच्या घरी चुलीवर भाकरी भाजताना तिने फुंकणी खाली ठेवली, डोळे चोळले आणि म्हणाली, "दोघांतली एखादी बाई असंल तर बरं हुईल. कळंल तरी ह्यांस्नी, धूर कसा झोंबतुया."