शिंप्याकडची चौकशी

शेलूबाजारचा आमचा शिंपी तोंडात दोरा धरून बोलतो, त्यामुळे त्याचं प्रत्येक वाक्य दातांतून गाळून येतं. मी मुंबईहून समाजशास्त्र शिकून आलो, तेव्हापासून तो विचारतो, "भाऊ, त्यानं वकील होता येते काय?"

"नाही, मामा. समाज कळतो! गिरणीत मजूर-कल्याण अधिकारी होता येतं."

"झाला काय कोणी?"

मी चिडून रूढींवर बोलू लागतो. तो मशीन जोरात चालवतो.

आमच्याकडे मुलीचा बाप मुलाची पहिली चौकशी शिंप्याकडे करतो. परवा माझ्यासाठी असेच पाहुणे आले. मी दुकानातल्याच पडद्याआड नवा सदरा घालून पाहत होतो. मुलगी मी आधी एका लग्नात पाहिली होती, मला फार आवडली होती.

"पोरगं कसं हाय?"

शिंप्यानं तोंडातला दोरा काढला. "लाखात एक. हुंडा घेत नाही." मी फुललो. "नोकरी मात्र नाही, अन् लागन असं दिसून बी नाही राह्यलं."

पाहुणे चहा न घेताच उठले.

मी बाहेर येऊन ओरडलो, "मामा, काहून सांगितलं?"

"तुमीच सभेत गरजले ना, सोयरिकीत खोटं बोलू नका म्हून? मले पटलं."

वर्षभर गावोगाव भाषणं ठोकतो आहे. त्या भाषणांनी सुधारलेला माणूस हा एवढा एकच.