वहिनीची बुटकी खुर्ची

वहिनीची खुर्ची विकायची का नाही, यावरून आठवडाभर आमच्या घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं. वहिनी जाऊन अजून महिनासुद्धा झाला नाही. पुतण्या म्हणत होता, आईची एवढीच वस्तू राहिलीय, मी देणार नाही. दादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, तिचा नवरा, तो हो म्हणेना, नाही म्हणेना.

आता आमचं तीन मजली दुकान आहे. खाली सोफे, मधे पलंग आणि कपाटं, वर पडदे, दिवे, गालिचे. लोक लिफ्टने वर जातात. पण हे सगळं सुरू झालं आमच्या बाहेरच्या खोलीत, आणि तेही कुणी ठरवलं नव्हतं. दादा सुतार, मी त्याच्या हाताखाली. वहिनी घरात आली तेव्हा दादाने जेवायचं टेबल केलं, तिने खिडकीला पडदे शिवले. शेजारीण विरजण मागायला आली ती टेबलाकडेच बघत राहिली. म्हणाली, असंच पाहिजे. वहिनी म्हणाली, असंच कशाला, हेच घेऊन जा. आमचे वडील तेव्हा जेवत होते. ते म्हणाले, सूनबाई, माझं ताट तेवढं राहू दे, मी अजून बसलोय.

मग ते तसंच चालू झालं. घरातलं सगळं विकाऊ. पलंग गेला की आम्ही खाली झोपायचो, मी आणि दादा लगेच नवीन करायला घ्यायचो, तोपर्यंत कपाट गेलेलं असायचं. दादा एकदा वैतागून म्हणाला, "उद्या मलाही विकशील."

वहिनी कापड कापत होती. मान वर न करता म्हणाली, "गिऱ्हाईक मिळालं तर बघू."

एक खुर्ची मात्र कधी गेली नाही. वहिनी बुटकी होती. कुठल्याही खुर्चीत बसली की पाय लोंबकळायचे, तिला ते आवडायचं नाही, म्हणायची पाहुण्यासारखं वाटतं. म्हणून दादाने तिला एक खुर्ची केली. ती बसायची, तो पायांकडे बघायचा, ती उठायची, तो थोडं कापायचा, परत बसवायचा. शेवटी पाय जमिनीला टेकले तेव्हा वहिनी कितीतरी वेळ उठलीच नाही. तीही विकायलाच होती, वहिनी सगळ्यांना दाखवायची. पण जो बसेल त्याचे गुडघे हनुवटीला लागायचे.

त्या खुर्चीमुळेच तिला सुचलं. पुढे गल्लीत दुकान काढलं, तिथं आलेल्या माणसाला ती चप्पल काढून बसायला लावायची आणि तोंडाकडे नाही, पायांकडे बघायची. टाचा अधांतरी दिसल्या की मला हाक. "भाऊजी, करवत." मी त्यांच्यासमोरच खुर्चीचे पाय कापायचो. गिऱ्हाईक असं तोंड करायचं जसं काही त्याचाच पाय कापतोय. पण परत बसलं की उठायचं नाव घ्यायचं नाही. मग ते माणूस बहिणीला आणायचं, व्याह्यांना आणायचं. गल्लीतलं दुकान पुरेना झालं.

आणि गिऱ्हाइकांच्या नव्या, रिकाम्या घरात तिला न्यायचो तेव्हा तर काय सांगू. आम्ही टेप घेऊन भिंती मोजत फिरायचो, ती सरळ फरशीवर बसायची. म्हणायची, माणूस घरात उभा किती वेळ असतो, बसून बघा की. कधी या कोपऱ्यात बसेल, कधी त्या. मग उठून सांगायची, सोफा इथं, दिवा इथं, त्या खिडकीला जाड पडदा नको. सामान ठेवलं की खोली मोठी व्हायची. सामान भरल्यावर खोली मोठी कशी होते? इतकी वर्षं मी शेजारी उभा राहून बघितलं, मला अजून कळलं नाही.

ती खुर्ची शेवटपर्यंत गल्ल्याजवळ होती. वहिनी गेल्यावर एक म्हाताऱ्या आजी सुनेबरोबर आल्या, एवढ्याशाच. त्या नेमक्या त्याच खुर्चीत बसल्या आणि उठेनात. पुतण्या म्हणाला, ही विकायची नाही. मी म्हटलं, आजी, अगदी अशीच करून देतो. तर म्हणाल्या, "ही झालेलीच आहे की." परत येते म्हणाल्या आणि गेल्या. तेव्हापासून घरात तो अबोला.

काल त्या आल्या. कुणाला न विचारता चप्पल काढून बसल्या. पुतण्या पुढे जायला लागला तर दादाने त्याचा हात धरला. खाली वाकून आजींच्या पायांकडे बघितलं. दोन्ही पाय पूर्ण टेकलेले. बोटं सैल. दादा तसाच वाकून राहिला, मला वाटलं रडतोय.

मग म्हणाला, "तुझ्या आईला गिऱ्हाईक मिळालं रे. ती असती तर खुर्ची एव्हाना टेम्पोत चढवली असती."

पुतण्या आत गेला. गोधडी आणली, खुर्ची स्वतःच गुंडाळली, स्वतःच उचलून नेली.

गल्ल्याजवळ जागा रिकामी झाली. मला तिकडे बघवेना. दादा मात्र तिथंच जाऊन फरशीवर मांडी घालून बसला, इकडं तिकडं बघितलं आणि मला म्हणाला, "उद्या इथं काय आणतोस?"