तात्यांना घरी नेलं

कुंभार बाईंनी मला ऊसतोड्यांच्या पोरांच्या साखरशाळेतून उचललं आणि नर्सिंगच्या पदवीपर्यंत पोचवलं. नाहीतर सोमेश्वरनगरला, आईबापाच्या पाचटाच्या कोपीवर, माझ्याही हातात ऊसतोडीचा कोयताच आला असता. बारामतीच्या हॉस्पिटलात नोकरीला लागलो तेव्हा हे सगळ्यांना अभिमानानं सांगितलं होतं. मोठ्या डॉक्टरांनी ते लक्षात ठेवलं.

आयसीयूच्या दारात, नातेवाइकांसमोर, ते मला म्हणाले, "कोयता टाकून आलायस ना? मग हात चालव. तोंड नको."

माझा गुन्हा काय? इंदापूरकडचे एक तात्या व्हेंटिलेटरवर होते. आता काही उरलं नाही, हे डॉक्टर राऊंडला आम्हाला सांगत. बाहेर नातेवाइकांना मात्र आम्ही म्हणायचं, 'प्रतिसाद देतायत.' मी रोज म्हणत होतो. खोलीवर गेल्यावर जेवण जात नव्हतं.

त्या सकाळी तात्यांच्या मुलानं माझा हात धरला.

"ब्रदर, खरं सांगा. उठणार नसतील तर घरी नेतो. आई म्हणती, जीव उंबऱ्याच्या आत जाऊ द्या."

मी म्हणालो, "न्हाय उठणार. न्या घरी."

डॉक्टरांनी ते ऐकलं. मग ते वाक्य. कोयत्याचं. मुलानं मात्र घरी नेण्याच्या कागदावर सही केली.

आमच्याकडं असंच नेतात. नळीला रबरी फुगा जोडायचा आणि घर येईपर्यंत हातानं दाबायचा. फुगा थांबला की माणूस थांबला. ॲम्ब्युलन्समध्ये दाबायला मीच बसलो. बोटं बधिर झाली. दोन्ही बाजूंनी ऊस.

उंबऱ्याच्या आत तात्यांना ठेवलं. मुलाच्या आईनं, आजींनी, त्यांच्या ओठांना पाणी लावलं. मग माझ्याकडं बघितलं.

"दमला असशील लेकरा. ऱ्हाऊ दे आता."

मी हात काढला.

परत आलो तर हॉस्पिटलच्या ऑफिसात मोठ्या डॉक्टरांनी कोरा कागद पुढं केला. माफी लिही, नाहीतर उद्यापासून येऊ नकोस. कागद घडी करून खिशात घातला. खोलीवर येऊन त्यावर बाईंना लिहिलं:

"बाई, नमस्कार. माफी लिहून दिली नाही. नोकरी जाईल. तुम्हाला वाईट वाटेल, पण मला वाटत नाही. तात्यांच्या घरच्यांना मी इतके दिवस खोटी आशा दाखवली, त्याचं वाटतं. ते कुणी विचारलंच नाही. उद्या नेहमीच्या वेळेला ड्युटीवर जाणार आहे. काढायचं तर त्यांनी काढावं, मी आपण होऊन जाणार नाही. आणि दारात कुणी विचारलं तर खरंच सांगणार. हात चालवीन. तोंडही."