अडखळलेल्या इंग्रजीची खंडणी

ती घटना आठवली की आजही मान खाली जाते.

मी तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात पोलीस निरीक्षक होतो. बाजारात मोबाईल दुरुस्तीचं दुकान चालवणारे एक चाचा होते. संशयास्पद माल विकायला आला की ते आधी ठाण्यात कळवत. एका दुपारी त्यांचा फोन आला.

"साहेब, एक पोरगी नवाकोरा लॅपटॉप विकायले आली. भाव नाई करून राह्यली, नुसती रडून राह्यली. मले हे बरोबर नाई वाटत."

मुलीला ठाण्यात आणलं. पोंभुर्ण्याकडच्या, धान पिकवणाऱ्या घरातली, इंजिनिअर झालेली. लॅपटॉपचं बिल तिच्याच नावाचं. म्हणजे चोरी नव्हती. वडिलांना निरोप धाडला आणि महिला हवालदारासमोर विचारपूस सुरू केली. मुलगी गप्प. खोटं बोलणारा माणूस फार बोलतो, लाजलेला बोलत नाही, हा माझा अनुभव. प्रश्न थांबवले, चहा मागवला. चहा संपवून ती म्हणाली, "सर, एकाजवळ माझा व्हिडिओ हाय. पैसे मागून राह्यला."

आम्ही समजायचं ते समजलो. पुढचं हवालदारबाईंना सांग म्हणून मी उठलो, तशी ती घाईनं बोलली, "तसला नाई सर. इंग्रजीचा हाय."

तिला घरी बसून परदेशी कंपनीचं काम करायचं होतं. सॉफ्टवेअर उत्तम लिहायची, इंग्रजी मुलाखतीत मात्र तोंड उघडत नव्हतं. म्हणून शहरातल्या एका शिकवणीत गेली. तिथला माणूस सराव मुलाखती घ्यायचा आणि चुका दाखवण्याच्या नावाखाली चित्रण करायचा. पुढे धमकी: पैसे दे, नाहीतर कंपन्यांना पाठवतो आणि कॉलेजच्या ग्रुपवर टाकतो.

त्यानं धमकीसोबत पाठवलेला व्हिडिओ तिनं फोनवर दाखवला. स्वतःची ओळख सांगताना ती एकाच वाक्यावर पुन्हा पुन्हा अडकते, कॅमेऱ्यामागून तो हसतो. एवढंच. पाहताना आमचा एक शिपाईही तोंड फिरवून हसला. मुलीनं ते पाहिलं. ठाण्याचा प्रमुख म्हणून मला कुठं तोंड लपवावं कळेना. शिपायाला बाहेर काढलं, पण जे व्हायचं ते झालं होतं.

तेवढ्यात वडील आले. "साहेब, आमच्या पोरीनं केलं तरी काय?"

तिनंच उत्तर दिलं. "बाबा, मले इंग्रजी बोलता नाई येत."

सेवेत मी खुनाचे कबुलीजबाब ऐकले आहेत. इतका खाली गेलेला आवाज ऐकला नव्हता.

वडील तिच्याकडे पाहतच राहिले. "मंग? मले तं कधीच नाई आलं. त्याच्यासाठी कोणी पैसे मागते काय?"

तक्रार नोंदवली. पैसे घ्यायला आलेल्या शिकवणीवाल्याला सापळा रचून पकडलं. पंचांसमक्ष झडती घेतली, तर त्याच्या संगणकात गडचांदूर, माजरी, कुठल्या कुठल्या गावच्या मुलामुलींची चित्रणं निघाली. एकेकाला बोलावलं. कुणी जबाब देईना. एका मुलाला पडद्यावर त्याचाच चेहरा दाखवला. अंगात शर्टसुद्धा तोच होता. तो म्हणाला, "हा मी नाई, साहेब," आणि जिना उतरून गेला.

म्हणजे सगळी भिस्त या एकटीवर. मी तिला स्पष्ट सांगितलं, "बाई, कोर्टात हा व्हिडिओ सगळ्यांसमोर लागेल. लोक ऐकतील." तिनं दोन दिवस मागितले. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाली, "लागू द्या."

लागला. मागच्या बाकांवर खसखस पिकली. न्यायाधीशांनी दटावलं. आरोपीच्या वकिलानं खवचटपणे विचारलं, "या चित्रणात तुम्हीच आहात?"

लाजेनं तिचे कान लाल झाले होते. साक्षीदाराच्या पिंजऱ्याची कड तिनं घट्ट धरली. "हो. मीच हावो."

आरोपीला शिक्षा झाली. ती मुलगी आता गावातूनच परदेशी कंपनीचं काम करते. मध्ये भेटली तेव्हा म्हणाली, "अजूनही अडकतो सर. मंग पुन्हा सांगतो. तिकडचे लोक थांबतात."

खंडणीखोराकडे काही ना काही हत्यार लागतं. कुणाकडे चाकू असतो, कुणाकडे एखाद्याचं पाप. या माणसाकडे तसलं काहीच नव्हतं. एखादं पोर अडखळलं की आपण हसतो, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि तेवढ्यावर त्याचा धंदा चालला. त्याला मी बेड्या घातल्या. हसणाऱ्यांवर कुठलं कलम लावायचं, ते मात्र मला निवृत्त होईपर्यंत सापडलं नाही.