पान उलटण्याआधी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहितेय. तंजावरात ऊन मरणाचं आहे. घरचे बरे आहेत, देवाची कृपा.

आमच्याकडे मराठी सगळेच बोलतात, देवनागरी मात्र मी एकटीच शिकले. म्हणून सुट्टीत दुपारी मराठी पुस्तक मी मोठ्याने वाचते. आई उन्हात वाळत घातलेल्या वडामांची, म्हणजे तांदळाच्या कुरडयांची, राखण करत ऐकते. पान संपलं की ऐकणाऱ्याने ‘हूं’ म्हणायचं, मगच पुढे जायचं, ही घरातली रीत. ते ‘हूं’ कायम माझ्या वडिलांचं, अप्पांचं. पोंगलनंतर अप्पा गेले.

आज नवी कादंबरी काढली. पहिलं पान उलटणार, तेवढ्यात आईने माझा हात धरला.

“थांब गं. अप्पा अजून हूं म्हणाले नाहीत.”

आईचं डोकं ठिकाणावर आहे. सकाळीच तिने सांबारात मीठ कमी असल्याचं नुसत्या वासावरून सांगितलं होतं. मी थांबले. पंख्याच्या आवाजाशिवाय मला काहीच ऐकू आलं नाही.

“हां,” आई म्हणाली. “आता वाच.”

मी वाचलं. पुढच्या पानाशी आईने माझा हात धरला नाही. मीच थांबले.

तुमच्या घरी अजून कुणासाठी थांबतात का?