इंजिनालाच विचारणारे मिस्त्री

किनाऱ्यावरच्या हौशी मोटार-शर्यतीसाठी मी सासऱ्यांची गाडी मागून आणली. आत वाळू जाऊ नये म्हणून कार्बोरेटरच्या तोंडात बायकोच्या जुन्या लुगड्याची चिंधी कोंबली, आणि काढायला विसरलो. गाडी खोकत थोडी पळाली, मग इंजिन गप्प. तेव्हा कुठे मला चिंधी आठवली. भरती चढत होती, आणि सासरे धोतर सावरत माझ्याकडेच येत होते.

त्यांच्याआधी बंदरावरचे मिस्त्री पोचले. लाँचची इंजिनं दुरुस्त करणारे हे गृहस्थ बिघाड कधी मालकाला विचारत नसत. "मालक खोटा बोलतत, इंजिन नाय," म्हणायचे. आताही माझ्याकडे न बघता त्यांनी बॉनेटवर हात फिरवला. "काय झाला गो बाय?"

चिंधी निघाली. एकदाच माझ्याकडे बघून त्यांनी ती खिशात घातली. सासऱ्यांना म्हणाले, "वाळू गेलेली, अण्णांनू. जावयांचो दोष नाय."

सासरे चक्क हसले. गाडी सुरू झाली आणि मी शेवटचा आलो, पण ताठ मानेनं.

शर्यत बघायला आलेली बायको घरी म्हणाली, "मिस्त्री बरो माणूस. पण तेंच्या खिशाभायर माझ्या लुगड्याचो काठ लोंबत हुतो. बाबा तोच बघून हसले."