दहा सारखे डबे

१९८४ साल. मी सत्तेचाळीस वर्षांचा. गिरणीचा संप कुणी मिटवला नाही, आपोआप विरला आणि कापड विणायचा माझा साचा कायमचा थांबला. त्याआधी लालबागच्या आमच्या खोलीत बायकोची खानावळ चालायची. कोकणातले बारा गडी, सगळे गिरणीतले, दोन्ही वेळ जेवायचे. गिरणी गेली, गडी गावाला गेले, शेगडी थंड.

तेवढ्यात परळच्या शाळेत कुठल्याशा संस्थेनं गरीब बायकांना धंदा शिकवायचा वर्ग काढला. पास होईल तिला दादरच्या एका कचेरीत दुपारचे डबे द्यायचं काम मिळणार होतं. मी हसलो. वीस वर्षं गडी पोसलेल्या बाईला ह्या चष्मेवाल्या बाई फळ्यावर गोल काढून गिऱ्हाईक कसं सांभाळायचं ते शिकवणार! मी चौथी नापास, पण त्या बाईंनी जन्मात दहा माणसांची कणीक मळली नव्हती, हे त्यांच्या हातांकडे बघून मला कळलं.

"हसतात कित्याक?" बायको म्हणाली. "ह्या काम गेला तर उद्या रांधू काय आणि खाऊ काय?"

तीन महिने ती गेली. शेवटच्या दिवशी परीक्षा. दहा डबे भरायचे. खाणारे दहाजण संस्थेचेच, व्हरांड्यात बसलेले. मी दाराशी उभा होतो. बायको आधी बाहेर आली, एकेकाला न्याहाळून गेली आणि मग तिनं डबे भरले. आडव्या हाडाच्या माणसाला सात चपात्या, झाकण बसेना म्हणून फडक्यानं बांधलं. काडीसारख्या पोराला तीन, वर भात जास्त.

बाईंनी झाकणं उघडली. "अहो ताई, तीन महिने काय शिकवलं? प्रत्येक डबा सारखा! चार चपात्या, एक वाटी भाजी."

"बाईनू, पोटां काय सगळ्यांची सारखी आसतत?"

"धंदा पोट बघून होत नाही."

नापास केली. काम दुसऱ्या कुणाला. जेवणं झाल्यावर व्हरांड्यातल्या दहाही जणांचे डबे चाटूनपुसून रिकामे होते, ते कुणी बघितलं नाही. फळ्यावर तसं लिहिलं नव्हतं ना!

घरी ती जेवली नाही. शिकलेल्यांचा मला इतका राग कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून मी त्या दादरच्या कचेरीत गेलो आणि टेबलाटेबलाशी उभं राहून विचारलं, "साहेब, तुम्ही किती चपात्या खाता?"